अंबडमध्ये ६० हर्ट्झ कुठून आले?

उभाच राहा. बसलास की तू लगेच सैलावतोस, हे मला तीन वर्षांत कळलं आहे.

हा तुझा रिपोर्ट. बेचाळीस पानं, स्पायरल बाइंडिंग, वर चकचकीत कव्हर, आत कंपनीचा सही-शिक्का. उन्हाळ्याच्या सुट्टीत चार आठवडे अंबड एमआयडीसीतल्या कारखान्यात काढलेस, त्याचा हा हिशोब. सत्ताविसावं पान काढ. मोठ्यानं वाच. काय लिहिलं आहेस? मोटर ४८० व्होल्ट, ६० हर्ट्झ, १७५० आरपीएम. आता मला एवढंच सांग, अंबडमध्ये ६० हर्ट्झ कुठून आले?

खाली काय बघतोस? फरशीवर उत्तर लिहिलेलं नाही.

चार पोल, ५० हर्ट्झ. सिंक्रोनस स्पीड किती? पंधराशे. बघ, माझा प्रश्न संपायच्या आत उत्तर आलं. आणि अशा मोटरच्या पाटीवर काय असतं? चौदाशे चाळीस. विहिरीवर मोटर बसवून देणाऱ्या माणसालाही हा आकडा पाठ असतो. १७५० कधी येतात? ६० हर्ट्झला. म्हणजे अमेरिकेत. ४८० व्होल्टही तिकडचेच. आपल्याकडे ४१५. यातलं काय तुला येत नाही? सगळं येतं. मग दुसऱ्याचं पान उचलून स्वतःच्या नावाखाली चिकटवताना हात एकदाही अडखळला नाही? दोन पानं पुढे ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान फॅरनहाइटमध्ये दिलं आहेस. तेही खटकलं नाही? मक्षिकास्थाने मक्षिका म्हणतात ते हेच.

दुसऱ्या वर्षाला मी ग्रिड शिकवत होते. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन जोडली गेली, दक्षिणेचं ग्रिड बाकीच्या देशाला मिळालं आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच फ्रिक्वेन्सी झाली, असं मी सांगितलं. वर्गात सत्तर पोरं होती. बहुतेकांनी तारीख लिहून घेतली आणि वही मिटली. तू एकटा उठलास. म्हणालास, मॅडम, जोडायच्या क्षणी दोन्हीकडचा फेज जुळला नाही तर काय होईल? त्या दिवशी मी घरी जाऊन सांगितलं होतं की या वर्षी एक पोरगा हाती लागला आहे.

तोच तू आहेस ना? की त्याला घरी ठेवून आलास?

ढ पोरानं कॉपी केली तर मला वाईट वाटतं, राग येत नाही. त्याला दुसरा रस्ता दिसत नाही. तुला रस्ता दिसत होता, चालताही येत होतं, आणि तू पाय पोटाशी घेऊन बसलास. म्हणून तुझ्यावर चिडले आहे.

परवाच्या व्हायव्हात काय झालं ते आठव. मी विचारलं, १००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, ११ केव्हीच्या बाजूला करंट किती? तू म्हणालास, साडेबावन्न. ४३३ व्होल्टच्या बाजूला? तेराशे तेहेतीस. कॅल्क्युलेटर नाही, कागद नाही. बाहेरून आलेले परीक्षक माझ्याकडे बघून हसले. मलाही बरं वाटलं. मग मी विचारलं, तुझ्या कारखान्यातला ट्रान्सफॉर्मर कितव्या टॅपवर आहे? गप्प. एचटीची केबल कुठल्या बाजूनं आत येते? गप्प. ब्रीदरमधल्या सिलिका जेलचा रंग कोणता होता? त्यावर मात्र लगेच बोललास. निळा.

निळा नव्हता. गुलाबी होता. मी गुरुवारी स्वतः अंबडला जाऊन विचारून आले. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तो पार गुलाबी झाला होता, म्हणून तिथल्या माणसांनी काढला, ट्रेमध्ये पसरून तापवला, पाणी उडून परत निळा झाला, तेव्हा भरला. हे सगळं ज्या शेडमध्ये झालं तिच्या दाराशीच तुझी खुर्ची होती. पुस्तकात निळा लिहिलाय म्हणून तू निळा सांगितलास. अरे, पुस्तकात तो गुलाबी का होतो हेही लिहिलं आहे. हवेतला दमटपणा आत जाऊ नये म्हणून तो तिथं बसवलेला असतो. तो गुलाबी दिसला की माणसानं काहीतरी करायचं असतं. हे तुला वाचून माहीत होतं, आणि समोर घडत असताना तू मान वर केली नाहीस.

आता तू काय म्हणणार ते मला ठाऊक आहे. सुट्टी संपल्यापासून वर्गाबाहेर तेच सांगत फिरतो आहेस. 'तिथं कोणी काही शिकवतच नाही.'

बरोबर आहे. शिकवत नाहीत. कशाला शिकवतील? तो कारखाना आहे. त्यांना संध्याकाळपर्यंत माल बाहेर काढायचा असतो. तुझ्यासाठी फळा आणि खडू घेऊन कोण उभं राहणार होतं? वर्गात मी शिकवते, कारण मला त्याचा पगार मिळतो. तिथं तुला विचारायचं होतं, मागे लागायचं होतं, वेळप्रसंगी हाड् म्हटलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभं राहायचं होतं. चार आठवडे म्हणजे चोवीस कामाचे दिवस. चोवीस दिवसांत तू किती प्रश्न विचारलेस? आकडा सांग. दहा? पाच? मी तिथल्या मेंटेनन्स इंजिनिअरला हेच विचारलं. ते म्हणाले, एकच विचारला होता, मॅडम. वायफायचा पासवर्ड.

'हात लावू देत नव्हते' हे तुझं दुसरं गाऱ्हाणं. लावू देणारच नाहीत. ४१५ व्होल्टच्या बसबारला तिसऱ्या वर्षाच्या पोराला कोण हात लावू देईल? पण डोळे लावायला कोणी बंदी केली होती? पाटी वाचायला परमिट लागतं? पॅनेलच्या दाराच्या आत सिंगल लाइन डायग्राम चिकटवलेला असतो, तो वहीत उतरवून घ्यायला कोणाची सही लागते? मीटर रूममध्ये जाऊन आकडे टिपायला कोण नाही म्हणालं? हात बांधलेले होते, मान्य. पण डोळे तू स्वतः मिटून घेतलेस आणि दोष हाताला दिलास. नाचता येईना, अंगण वाकडं.

आणि तिसरं. 'वायरमन काका बोलतच नाहीत.' यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण गुरुवारी मी त्यांच्याशी दीड तास बोलत होते.

तुझी तिथली दुसऱ्या आठवड्यातली ती रात्र आठवते? आठवणार नाही, कारण तू नव्हतास. काकांनी संध्याकाळी तुला सांगितलं होतं की कॉम्प्रेसर सारखा ट्रिप होतो आहे, रात्री प्रॉडक्शन थांबलं की उघडून बघणार, थांबतोस का? तू म्हणालास, मित्राचा वाढदिवस आहे. ठीक. पुढे ऐक, तू काय सोडून गेलास ते.

कॉम्प्रेसरची मोटर २२ किलोवॅटची. पाटीवर ४० अँपिअर. स्टार-डेल्टा स्टार्टर. बटण दाबलं की मोटर नीट उचलायची, आवाज गोड, काही तक्रार नाही. डेल्टात गेली की मिनिटभरात ओव्हरलोड रिले खाली. दिवसपाळीच्या माणसांनी बेअरिंग पाहिलं, बेल्ट पाहिला, एकजण तर रिलेचं सेटिंग वाढवायला निघाला होता. काकांनी त्याचा हात धरला. नुसता आवाज ऐकला आणि म्हणाले, स्टारमध्ये बरी आहे ना? मग मोटरचं दुखणं नाही. डेल्टाच्या कॉन्टॅक्टरकडे बघा.

कळलं का, त्यांनी काय केलं? स्टारमध्ये तिन्ही वाइंडिंगमधून करंट जातो आहे, म्हणजे वाइंडिंग शाबूत. बिघाड डेल्टात गेल्यावरच दिसतो, म्हणजे जी वस्तू फक्त डेल्टात कामाला येते तिथंच तो असणार. आपण परीक्षेत यालाच दहा मार्क देतो. ते दहावी नापास आहेत, आणि हा तर्क त्यांनी चहाचा कप खाली ठेवता ठेवता केला.

मग त्यांनी रिलेच्या खालच्या तीन वायरींवर एकेक करून टाँग टेस्टर लावला. दोन वायरींत करंट नेहमीपेक्षा बराच जास्त, तिसरीत शून्य. झालं निदान. तरीही हात घातला नाही. आधी मेन खाली ओढलं. फ्यूज काढले आणि तिन्ही स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकले, म्हणजे आपण आत असताना कोणी लहरीत येऊन परत लावायला नको. मग टेस्ट लॅम्प घेतला. तो आधी शेजारच्या चालू फीडरवर लावून बघितला, पेटतो का. पेटला. मग बंद केलेल्या टर्मिनलवर लावला, तिन्ही फेज, आपापसांत आणि अर्थला. पेटला नाही. मग परत चालू फीडरवर लावला. पेटला. का, सांग. मधल्या मधे दिवाच गेला असेल तर? बंद दिवा आणि बंद लाइन दिसायला सारखीच असतात. म्हणून तीनदा बघायचं. तुझ्या रिपोर्टमध्ये सेफ्टीवर चार पानं आहेत. त्या चार पानांत हे एक वाक्य कुठे आहे ते मला दाखव.

कॉन्टॅक्टर उघडला तर एका पोलचा कॉन्टॅक्ट जळून काळा झालेला, टोक निम्मं खाल्लेलं. वास म्हणे दार उघडताच आला होता. तो वास तुला कुठल्या पुस्तकात मिळणार आहे? एकदा नाकात बसला की माणूस जन्मभर पॅनेलपाशी गेल्यावर आधी नाकानं तपासतो.

आता खरी गोष्ट. नवा कॉन्टॅक्टर बसवल्यावर काकांनी रिलेचं सेटिंग पाहिलं. २३ अँपिअर. मोटर ४० ची आणि रिले २३ वर. गुरुवारी त्यांनी मला तो रिले दाखवला आणि जरा संकोचून विचारलं, 'मॅडम, अठ्ठावन्न टक्क्यांवर ठेवायचा हे मला माझ्या उस्तादानं शिकवलं. बावीस वर्षं ठेवतो आहे. पण अठ्ठावन्नच का, हे मला कोणी सांगितलं नाही.'

सांग ना. का? रिले वाइंडिंगच्या वाटेत आहे, डेल्टामध्ये फेज करंट म्हणजे लाइन करंट भागिले रूट तीन. एक भागिले रूट तीन किती? पॉइंट पाच सात सात. हे तुला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. मी त्यांच्या जॉब कार्डच्या पाठीमागे त्रिकोण काढून दाखवला. त्या माणसानं ते कार्ड घडी घालून पाकिटात ठेवलं. बावीस वर्षं ते या उत्तरासाठी थांबले होते, आणि चोवीस दिवस ते उत्तर त्यांच्या शेजारी खुर्चीत बसून मोबाइलवर बोट फिरवत होतं.

त्यांना 'का' माहीत नव्हतं. तुला 'कुठे' माहीत नव्हतं. दोघांनी मिळून अर्धा तास त्या पॅनेलपाशी घालवला असता तर दोघांचं भलं झालं असतं. ते बोलत नाहीत म्हणतोस. तू बोललास का? नमस्कार केलास का एकदा तरी? त्यांच्याबरोबर डबा खाल्लास? नाही. कॅन्टीनमध्ये स्टाफच्या टेबलावर बसायचास. मी इंजिनिअर होणार, हा वायरमन, असं कुठेतरी तुझ्या डोक्यात होतं. कबूल करू नकोस हवं तर. पण घरी जाऊन आरशात बघून स्वतःला विचार.

आणि ते मला काय म्हणाले, सांगू? मी वाट बघत होते की ते तुझी तक्रार करतील. ते म्हणाले, 'पोरगं हुशार आहे हो मॅडम. एकदा सर्किट बघून पटकन सांगितलं होतं त्यानं. पण हातातलं कडं काढ म्हटलं तर रुसला, मग परत पॅनेल रूमकडे फिरकला नाही.'

एका कड्यापायी! उघड्या टर्मिनलपाशी हातात लोखंड घालून जाऊ नये, हे तुला सांगावं लागतं? त्यांनी तुझा हात वाचवायला सांगितलं आणि तू मान खाली घालून ऐकायचं सोडून फुगून बसलास.

मी सहसा स्वतःचं सांगत नाही. आज सांगते. १९८९ च्या मे महिन्यात मी तुझ्याच जागी होते. मुंबईजवळचा एक मोठा कारखाना. पहिल्याच दिवशी मला सांगितलं, मुलींना शॉपवर नको, ड्रॉइंग ऑफिसात बसा. आठवडाभर बसले. आठव्या दिवशी हट्टानं सबस्टेशनच्या दाराशी जाऊन उभी राहिले. तिथले एक म्हातारे फोरमन चिडले, मग कंटाळले, मग एका दुपारी म्हणाले, ये आत, पण मागे उभी राहा. तिसऱ्या आठवड्यापासून तेच मला हाक मारायला लागले. पण संध्याकाळी सातनंतर मला थांबता यायचं नाही. फॅक्टरीज ॲक्टमध्ये तसं कलमच होतं, बायकांना रात्री कारखान्यात ठेवायचं नाही. आणि मोठे बिघाड तर रात्रीच उघडतात, कारण दिवसा प्रॉडक्शन थांबवत नाहीत. मी काय करायची माहीत आहे? सकाळी सहाला गेटवर. पाळी बदलायच्या आधी लॉगबुक हातात घ्यायची आणि रात्री काय घडलं ते वाचायची. 'फीडर तीन ट्रिप, केबल जॉइंट फेल, मेगर शून्य, ०२.४० ला बंद, ०५.१५ ला चालू.' एवढीच ओळ. त्या अडीच तासांत काय काय झालं असेल ते मी दिवसभर विचारत फिरायची. मेगर कुठल्या टोकाला लावला? जॉइंट शोधला कसा? कोण होतं? मला ते कधीच बघायला मिळालं नाही.

तुला बघायला बोलावलं होतं. आणि तुला केक कापायचा होता.

तुझं वय मित्रांचं आहे, मला कळतं. वाढदिवसाला जाऊ नये असं माझं म्हणणं नाही. पण तिथून परत आल्यावर दुसऱ्या दिवशी तरी विचारलंस का, काल काय निघालं? लॉगबुक कुठे असतं ते तरी तुला माहीत आहे का?

नाही ना.

चौथं कारण तू अजून बोलला नाहीस, पण ते तुझ्या तोंडावर आलंय. प्लेसमेंटला कोडिंग विचारतात, मोटर नाही. घे कोडिंग. उत्तम घे. मी अडवलं आहे का? पण हा मुद्दा तुला मे महिन्यात कसा सुचला नाही, रिपोर्ट परत मिळाल्यावर कसा सुचला? ज्याला कोडिंग करायचं आहे तो चोवीस दिवस कोडिंग तरी करतो. तू तेही केलं नाहीस. दोन्ही दगडांवर पाय ठेवलेला माणूस निदान उभा तरी असतो. तू आडवा होतास.

शिवाय त्या कारखान्यात आकड्यांचं काम काय कमी होतं? विजेचं बिल मागितलं असतंस तर कोणीही दिलं असतं. एप्रिल २०२० पासून आपल्या राज्यात एचटी ग्राहकाचं बिल केव्हीएएचवर येतं. म्हणजे पॉवर फॅक्टर घसरला की न वापरलेल्या ताकदीचेही पैसे भरायचे. त्यांच्याकडे एपीएफसी पॅनेल आहे, आणि त्यातल्या दोन कपॅसिटर बँक बंद पडलेल्या आहेत. हे मला अर्ध्या तासात दिसलं, कारण पॅनेलवरच्या दिव्यांत दोन विझलेले होते. तू बारा महिन्यांची बिलं घेतली असतीस, पॉवर फॅक्टर काढला असतास, त्या दोन बँकांपायी महिन्याला किती रुपये जातात ते मांडून मॅनेजरच्या टेबलावर एक पान ठेवलं असतंस, तर त्यांनी तुला पुढच्या सुट्टीत स्वतःहून बोलावलं असतं. एक पान. आणि तू बेचाळीस पानं घेऊन आलास, त्यातलं एकही त्या कारखान्याचं नाही.

'सगळेच असं करतात, मॅडम.' हे तू मागच्या आठवड्यात माझ्या केबिनच्या बाहेर कोणाला तरी म्हणत होतास. मी ऐकलं. सगळे करतात हे मलाही माहीत आहे. माझ्या टेबलावर असे एकोणीस रिपोर्ट पडले आहेत. त्यांतल्या तिघांच्या रिपोर्टांत ट्रान्सफॉर्मरचा फोटो एकच आहे. त्यांनाही बोलावणार आहे, तू त्यांची काळजी करू नकोस. पण सगळ्यांच्या आड लपायचं तुला कधीपासून सुचायला लागलं? वर्गात उठून प्रश्न विचारताना सगळ्यांकडे बघितलं होतंस का?

आणि फसवलंस कोणाला? मला? मी सत्ताविसाव्या पानावर पोहोचले तेव्हा चहा गारही झाला नव्हता. विद्यापीठाला? त्यांना मार्कांचा आकडा हवा असतो, तो मिळाला असता. तुझ्या वडिलांनी ओळखीतून ती जागा मिळवून दिली, त्यांना? ते तर घरी सांगत असतील, पोरगं महिनाभर कारखान्यात राबलं. फसला असशील तर तूच. कारण उद्या कुठल्या तरी सबस्टेशनमध्ये तुझ्या हाताखाली चार माणसं असतील. मीटर बदलायचा आहे म्हणून एखादा पोरगा सीटीच्या सेकंडरीची वायर सोडायला जाईल. तुला परीक्षेपुरतं पाठ आहे की करंट चालू असताना सीटीची सेकंडरी उघडी पडू द्यायची नाही, टोकांवर जीवघेणं व्होल्टेज उभं राहतं. पण टर्मिनल ब्लॉकवर ती शॉर्ट करायची लिंक कुठे असते, ती आधी सरकवायची कशी, हे तू बघितलं आहेस का? त्या पोराला तोंडानं 'थांब' म्हणशील की हातानं लिंक दाखवशील? अंबडच्या त्याच पॅनेलमध्ये, डावीकडच्या कप्प्यात, ती लिंक आहे. मी गुरुवारी बघून आले. तू चोवीस दिवसांत पोहोचला नाहीस.

रडू नकोस. डोळे पूस. मी तुला नापास करणार नाही, आणि पासही करणार नाही. हा रिपोर्ट मी घेतलेलाच नाही, असं समज. कंपनीच्या शिक्क्याचं पान फाडून वेगळं ठेव, बाकीचं घेऊन जा.

दिवाळीच्या सुट्टीचे दहा दिवस आहेत. मी कारखान्यात बोलले आहे. मेंटेनन्स इंजिनिअर आधी नाही म्हणाले. का नाही म्हणाले ते तुला वेगळं सांगायला नको. काकांनी मध्ये पडून हो म्हणायला लावलं. त्या माणसाला तू महिनाभर नमस्कार केला नव्हतास, हे विसरू नकोस.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचं वार्षिक शटडाउन आहे. ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा नमुना काढणार आहेत, सगळ्या मोटरींचा मेगर घेणार आहेत, लग आवळणार आहेत. पूर्ण दिवस, आणि बहुधा रात्रही. थांबायचं. भाऊबीज दुसऱ्या दिवशी साजरी कर. बहीण समजून घेईल, नसेल घेत तर मला फोन लावून दे.

वही घेऊन जा. छापील डायरी नको, साधी दोनशे पानी. हातानं लिहायचं. पहिल्या पानावर त्या कॉम्प्रेसरच्या मोटरची पाटी जशीच्या तशी उतरव. व्होल्ट, अँपिअर, हर्ट्झ, आरपीएम. तेल लागलेलं असेल, आधी फडक्यानं पूस. दुसऱ्या पानावर ते टेस्ट लॅम्पचं तीन वेळचं बघणं, काकांच्या शब्दांत. तुझ्या नको. तिसऱ्या पानापासून तुझे प्रश्न. उत्तर मिळालं नाही तरी प्रश्न लिहायचा. मी आधी ती पानं वाचणार आहे.

बूट आहेत का तुझ्याकडे? सँडल घालून गेला होतास, तेही मला समजलं. स्टोअरमध्ये सेफ्टी शूज मिळतील, नाही मिळाले तर आपल्या लॅबमधले घेऊन जा, मी शिपायाला सांगून ठेवते. सातला शिफ्ट लागते. पावणेसातला गेटवर असायचं.

आणि ते कडं. आत्ता काढ. हो, इथंच. माझ्या टेबलावर ठेव. दिवाळीनंतर वही घेऊन येशील तेव्हा परत देते.